आतल्या खोलीत ऐकू येतं

पत्राचा सारांश: एक वाचक गेली १९ वर्षं घरीच गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतात. संध्याकाळी दोन बॅच असतात आणि दुसरी सुटायला नऊ वाजतात. त्यांची मुलगी १५ वर्षांची आहे. चार महिन्यांनी तिची मोठी परीक्षा आहे. गेल्या सराव परीक्षेत तिला गणितात अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले. तेव्हापासून रोज रात्री साडेनऊला त्या मुलीला घेऊन बसतात आणि रोज त्याचा शेवट आरडाओरड्यात नाहीतर रडण्यात होतो. 'परक्या मुलांना समजतं, मग तुला का समजत नाही?' असं त्या एकदा बोलून गेल्या. त्यावर मुलीने उलट उत्तर दिलं, 'तू त्यांच्याशी कशी बोलतेस ते मला आतल्या खोलीत ऐकू येतं.' पती म्हणतात, चार महिने शिकवण्या बंद कर आणि हिच्याकडे बघ. थोडं टेन्शन दिल्याशिवाय ती हलायची नाही. पण बॅचमधल्या मुलांचीही तीच परीक्षा आहे. त्यातला एक मुलगा चाचणीच्या दिवशी उलट्या करतो आणि त्याचे वडील रोज रात्री दहाला फोन करून 'किती पडतील?' म्हणून विचारतात. वाचकांचा प्रश्न: शिकवण्या बंद करू का? आणि जिला स्वतःच्या मुलीला शिकवता येत नाही, तिने शिक्षिका म्हणवून घ्यावं का?

ताई,

मुलीचं ते वाक्य तुम्ही 'उलट उत्तर' म्हणून लिहिलंय. मी पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा त्याच वाक्यापाशी थांबले. मला ते उलट उत्तर वाटत नाही. घरात काय दुखतंय ते तिने एका ओळीत नेमकं सांगितलंय.

ती रोज काय ऐकत असेल, याचा जरा विचार करा. संध्याकाळभर भिंतीपलीकडून आईचा आवाज येतो. कुणीतरी चुकतं. आई म्हणते, 'हरकत नाही, कुठे अडलास ते बघू.' कुणाला तरी तिसऱ्यांदा तेच समजावून सांगते. कुणाचं उत्तर बरोबर आलं की तिला झालेला आनंद आवाजात कळतो. मग नऊ वाजतात, चपलांचे आवाज होतात, दार लागतं. साडेनऊला तीच आई समोर येऊन बसते, तोवर तो आवाज संपलेला असतो. तो आवाज आपल्या घरात आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आपल्या वाट्याला तो येत नाही, एवढंच तिला कळतं. सराव परीक्षेतल्या गुणांपेक्षा हे तिला जास्त लागलेलं असणार.

तुम्ही लिहिता की इतरांसाठी असलेला संयम तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर आटून जातो. दिवसभराचा शीण असतो हे खरंच. पण मला वाटतं, मुद्दा निव्वळ दमण्याचा नाही. सुटीच्या दिवशी सकाळी, ताज्या मनाने तिला शिकवायला बसलात, तर चित्र वेगळं असतं का? तुमच्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही. इतकी वर्षं शिकवल्यावर मला एक कळलं आहे: परक्या मुलाची चूक आपल्याला माहिती देते आणि आपल्या मुलाची चूक आपल्याला निकाल वाटते. बॅचमधल्या मुलाने समीकरणातलं पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदललं नाही, तर तुम्ही विचारता, 'हे कसं केलंस?' तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असतं. तो सांगतो, तुम्हाला त्याच्या डोक्यातली गाठ सापडते, ती तुम्ही सोडवता. मुलीने तीच चूक केली तर तुम्ही विचारता, 'हे कसं केलंस?' शब्द तेच आहेत. पण पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येतं, दुसऱ्याला नाही. दुसऱ्यावर मूल मान खाली घालतं, आणि मग आपल्याला वाटतं की ते लक्ष देत नाहीये.

यात तुमचा स्वभाव वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या मुलाचं पुढे काय होईल याची काळजी तुम्हाला आहे, पण त्या काळजीने तुमची झोप उडत नाही. मुलीच्या वहीतल्या एका चुकीच्या चिन्हापासून तुमचं मन चार महिने, चार वर्षं, तिचं अख्खं आयुष्य फिरून परत येतं आणि मग त्या चिन्हावर ओरडतं. प्रेम आहे म्हणूनच हे होतं. आणि म्हणूनच आईने शिक्षिका होणं इतकं अवघड आहे.

मी शिकवत होते त्या काळातली एक गोष्ट सांगते. माझ्या मुलाने विज्ञानाचा एक पेपर गादीखाली लपवला होता. चादर बदलताना तो मला सापडला. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याला तेवढे गुण पडले असते, तर 'बरे आहेत, वाढतील' म्हणून मी त्याची पाठ थोपटली असती. मी मुलाला विचारलं, 'लपवलास का?' मला वाटलं होतं तो म्हणेल, तू रागावशील म्हणून. तो म्हणाला, 'तुला वाईट वाटलं असतं.' अकरा वर्षांचं पोर माझं मन जपत होतं, आणि तेही त्याच्या गुणांपासून. त्या रात्री मी ठरवलं की याला मी शिकवणार नाही. तो विचारेल तेव्हा सांगेन, नाहीतर नाही. ते पाळणं मला फार जड गेलं. कितीदा तरी त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरले आहे.

तेव्हा तुमचा पहिला प्रश्न. शिकवण्या बंद कराव्यात का? माझं मत, करू नका.

पैशाचं कारण आहेच, आणि ते लहान नाही. बॅचमधल्या मुलांना ऐन परीक्षेच्या तोंडावर सोडणं तुमच्या मनाला पटणार नाही, हेही दिसतंय. पण ही दोन्ही कारणं नसती तरी मी हेच सांगितलं असतं. तुम्ही काम सोडलंत की मुलीच्या डोक्यावर आणखी एक ओझं येतं: आईने माझ्यासाठी एवढं सगळं थांबवलं, आता मला गुण पडलेच पाहिजेत. त्या चार महिन्यांची परतफेड तिने निकालातून करावी, असं तुम्ही कधी म्हणणार नाही. पण ती तसंच समजेल. शिवाय आज जे साडेनऊला होतं, ते मग दुपारी चारला सुरू होईल आणि रात्री दहापर्यंत चालेल. वेळ वाढवल्याने तो सूर बदलणार नाही.

एक अभ्यास इथे आठवतो. २०१५ मध्ये अमेरिकेत एरिन मॅलोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांचा वर्षभर मागोवा घेतला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि तरीही जे मुलांचा गृहपाठ वारंवार करून घेत होते, त्यांची मुलं त्या वर्षी गणित कमी शिकली आणि त्यांच्यातही ती धास्ती वाढली. धास्ती असूनही जे फारसे मदतीला बसत नव्हते, त्यांच्या मुलांत असं दिसलं नाही. तुम्हाला गणिताची भीती नाही, तुमचं ते रोजचं काम आहे. त्यामुळे तो निष्कर्ष तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण शेजारी बसलेल्या माणसाची घालमेल वहीपर्यंत पोहोचते, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. तुमची घालमेल गणिताची नसून मुलीची आहे, आणि मुलीला ती रोज रात्री जाणवते.

आता 'थोडं टेन्शन हवंच' या म्हणण्याकडे वळते, कारण ते तुमचे पतीच काय, निम्मे पालक म्हणतात. या समजुतीचं मूळ बऱ्याचदा १९०८ मधल्या एका प्रयोगात दाखवतात. रॉबर्ट यर्कीझ आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना उजळ आणि अंधारी पेटी यांतला फरक ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. त्याचं सार म्हणून लोक सांगतात, थोडा ताण चांगला, फार ताण वाईट. पण त्या प्रयोगाचा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. फरक ओळखणं सोपं होतं तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. फरक बारीक होता, काम अवघड होतं, तेव्हा जोरदार झटक्याने शिकणं लांबलं आणि सौम्य झटकाच बरा ठरला. मुलं म्हणजे उंदीर नव्हेत, म्हणून मी यावर फार मोठी इमारत बांधणार नाही. पण दाखला द्यायचाच तर पूर्ण द्यावा. तुमच्या मुलीला गणित सोपं जात असतं तर धाकाने कदाचित वेग वाढला असता. ते अवघड जातंय, म्हणूनच तर हे सगळं चाललंय.

ताणाने डोकं 'ब्लँक' होतं म्हणजे काय होतं, तेही तुमच्या पतींना सांगा. गणित सोडवताना मागची पायरी, चिन्ह, पुढे काय करायचं, हे सगळं आपण थोड्या वेळासाठी मनात धरून ठेवतो. मनातली ही जागा फार लहान असते, एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. 'नाही आलं तर?', 'आई काय म्हणेल?' हे विचार त्याच जागेत येऊन बसतात. मग घरी येणारं गणित परीक्षेत येत नाही. बाहेर आल्यावर जिना उतरता उतरता आठवतं. अशा मुलाला आपण 'तुझं लक्ष नव्हतं' म्हणतो. खरं तर त्याचं लक्ष होतं, पण ते दोन ठिकाणी वाटलं गेलेलं होतं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, साडेनऊची ती बैठक आजपासून बंद करा. निदान तीन आठवडे. तुम्हाला वाटेल, चारच महिने उरलेत आणि ही बाई तीन आठवडे सोडायला सांगते. पण ते तास आत्ताही अभ्यासाचे नाहीत. त्या तासात ती गणिताबद्दल जे शिकते ते तुम्हाला शिकवायचं नाहीये. शिवाय ती रडून अकरा-साडेअकराला झोपत असेल आणि शाळेसाठी लवकर उठत असेल, तर तिची झोप कमी पडतेय. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेच्या तज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०१६ मध्ये नोंदवलं आहे. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. रात्रीचा एक जास्तीचा तास काढून घेतला तर गणित वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता अधिक.

दुसरी गोष्ट, तिला दुसरं कुणीतरी शिकवू दे. हा पर्याय तुम्ही पत्रात 'लोक काय म्हणतील' एवढ्या तीन शब्दांत उडवून लावलाय. मला तो सगळ्यात चांगला वाटतो. शिकवण्या घेणाऱ्या तुमच्या ओळखीच्या कुणी असतीलच. त्यांच्या घरातही बहुधा असंच एखादं मूल असेल. तुम्ही त्यांच्या मुलाला आठवड्यातून दोन तास शिकवा, त्या तुमच्या मुलीला शिकवतील. माझ्या ओळखीच्या दोन शिक्षिकांनी अशी अदलाबदल केली होती आणि दोघींची घरं शांत झाली. लोकांचं म्हणाल तर डॉक्टरसुद्धा शक्यतो घरच्यांवर उपचार करत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

मात्र हे मुलीवर लादू नका. 'मला तुला शिकवणं जमत नाही, तुला बाहेर पाठवते' असं ऐकलं तर तिला ती शिक्षा वाटेल. तिलाच विचारा: गणितासाठी दुसऱ्या कुणाकडे जायचंय, की स्वतः करून बघायचंय, की मैत्रिणीबरोबर बसायचंय? कदाचित ती म्हणेल, 'मला तुझ्याच बॅचमध्ये बसू दे.' हा पर्याय अनेक शिक्षिका-आया टाळतात, पण मी तो फेटाळणार नाही. तिथे तुमचा तो भिंतीपलीकडचा आवाज तिच्याही वाट्याला येईल. अट एकच: बॅचमध्ये ती इतर मुलांसारखी एक, आणि बॅच सुटल्यावर त्यातलं काहीही घरात काढायचं नाही. 'आज तुझं ते चुकलं बघ' हे नऊ वाजून एक मिनिटानेही नाही.

घराबद्दल एक बारीकशी सूचना. तुमचा वर्ग घरातच भरतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या घरी रोज चार तास परीक्षाच येऊन बसलेली असते. फळा, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, भिंतीवरचं उलट मोजणीचं वेळापत्रक. बॅच सुटली की फळा पुसा, गठ्ठे कपाटात जाऊ द्या, वेळापत्रक उतरवा. जेवताना गुण, पेपर, तारीख यांतलं काही बोलायचं नाही, आणि हे वडिलांनाही लागू. पहिले दोन दिवस बोलायला विषयच सुचणार नाहीत. ती शांतता तशीच राहू द्या, मुलं हळूहळू बोलतात.

आता गुणांचं. सराव परीक्षेचा तो पेपर अजून घरात असेल. तो तिलाच तपासू द्या, तुम्ही बाजूला बसू नका. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तिने चारपैकी एक खूण करायची: मला हे येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, येत होतं पण घाईत चुकलं, वेळच पुरला नाही. पेपर झाला की खुणा मोजायच्या. मी वर्षानुवर्षं मुलांकडून हे करून घेतलं आहे, आणि 'मला गणित येत नाही' म्हणणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांच्या पेपरात पहिली खूण सर्वांत जास्त निघायची. या चारही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. येत नसेल तर कुणीतरी शिकवायला हवं. आठवत नसेल तर उजळणीची पद्धत बदलायला हवी. घाईत चुकत असेल तर शेवटची दहा मिनिटं फक्त चिन्हं आणि एककं तपासण्यासाठी ठेवायची. वेळ पुरत नसेल तर घड्याळ लावून सराव हवा. आपण मात्र चौघांनाही एकच औषध देतो, 'आणखी अभ्यास कर.'

उजळणीच्या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मुलं खूप मेहनत वाया घालवतात. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत अशी की पुन्हा वाचणाऱ्यांनाच 'आपल्या जास्त लक्षात राहील' अशी खात्री होती. सोडवलेली गणितं वाचत बसलेलं मूल असंच फसतं. प्रत्येक पायरी ओळखीची वाटते आणि ओळख म्हणजे येणं, असा समज होतो. त्यामुळे वही मिटून कोऱ्या कागदावर सोडवायचं, अडलं तरी दोन-तीन मिनिटं झगडायचं, मगच वही उघडायची. तेच गणित दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा. आणि एकाच धड्याची वीस गणितं ओळीने करण्यापेक्षा तीन धड्यांची मिसळून करायची, कारण 'इथे कोणती रीत लागेल' हे परीक्षेत कुणी सांगत नाही. हे तुमच्या बॅचलाही उपयोगी पडेल. चाचणीला मात्र गुण देऊ नका. सुरुवातीची पाच मिनिटं, कोरा कागद, तीन प्रश्न, ज्याचं त्याने तपासायचं. आठवड्याची मोठी चाचणी ज्या मुलांना धडकी भरवते, त्यांना रोजची ही छोटीशी आठवण-चाचणी हळूहळू अंगवळणी पडते.

हे मी त्या उलट्या करणाऱ्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवूनही लिहितेय. त्याला आधी डॉक्टरांकडे नेलं पाहिजे, हे त्याच्या वडिलांना स्पष्ट सांगा. चाचणीच्या दिवशीच होतं म्हणजे 'मनाचंच आहे' असं आपण ठरवून मोकळं होऊ नये. पोटाचं काही नाही हे कळलं, तर मुलांच्या समुपदेशकाची मदत घ्यावी. वर्गात तुम्ही त्याला एवढं देऊ शकता: चाचणीच्या आधी दोन मिनिटं सगळ्यांनीच शांत बसायचं, श्वास घेताना लागतो त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावायचा, पेपर हातात आला की लागणारी सूत्रं आधी कोपऱ्यात लिहून टाकायची, पहिला प्रश्न येणाराच निवडायचा, मग तो कितवाही असो.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली तर गुण वाढतात, असंही तुम्ही वाचलं असेल. २०११ मधल्या एका प्रयोगात तसं दिसलं होतं आणि ते खूप गाजलं. २०१८ मध्ये काही संशोधकांनी मिळून असे बरेच गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा हा फायदा पुन्हा दिसला नाही. त्याच खटाटोपात आठवून लिहिण्याच्या उजळणीचा कार्पिक यांचाच नंतरचा एक प्रयोग मात्र टिकला. म्हणून मुलांना भीती लिहायला सांगायची तर मन हलकं होतं म्हणून सांगा, गुणांचं आश्वासन देऊ नका. मुलं असली आश्वासनं लक्षात ठेवतात.

आणि ते रात्री दहाचे फोन. ते बंद करणं तुमच्या हातात आहे. सगळ्या पालकांना एकच निरोप पाठवा: आठवड्यातून एक दिवस, एक ठरलेला तास मी बोलायला मोकळी आहे, बाकी वेळी फोन घेणार नाही. या वडिलांशी त्या तासात बोला. 'किती पडतील?' याचं खरं उत्तर द्या, की ते मला माहीत नाही आणि कुणालाच नाही. मग त्याने या आठवड्यात काय नवं शिकलं ते एक वाक्य सांगा. आणि त्यांना एक विनंती करा, चाचणीच्या दिवशी घरी गेल्यावर मुलाला पहिला प्रश्न गुणांचा विचारू नका. हे फोन बंद झाल्याचा सगळ्यात जास्त फायदा तुमच्या मुलीलाच होईल. रोज रात्री दहाला आई दुसऱ्या कुणाच्या गुणांबद्दल बोलतेय, तेही तिला ऐकू येतंच.

एका गोष्टीत थांबून चालणार नाही, आणि हे प्रत्येक पालकाने वाचावं. मूल दोन-तीन आठवडे नीट झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, मैत्रिणींशी बोलणं बंद झालं असेल, 'मी नसले तर बरं होईल' अशा अर्थाचं काही चेष्टेतही बोलत असेल, तर परीक्षा होऊ दे मग बघू, असं करू नका. शांतपणे सरळ विचारा, 'तुला जगू नये असं वाटतंय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, अशी भीती बाळगू नका, तसं होत नाही. तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्या. तुमच्या पत्रात मुलीबद्दल असं काही नाही. ती अजून भांडते, उत्तर देते, ऐकू येतं म्हणून सांगते, याचा मला दिलासा वाटला.

तुमचा दुसरा प्रश्न, शिक्षिका म्हणवून घेण्याच्या हक्काचा. तो हक्क त्या मुलांनी तुम्हाला १९ वर्षांत दिलेला आहे आणि तुमच्या मुलीच्या एका पेपराने तो जात नाही. तुम्ही तिच्या गुणांकडे तुमच्या कामाची गुणपत्रिका म्हणून पाहताय. त्या १५ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या परीक्षेबरोबर तुमचीही परीक्षा द्यावी, असं तुम्हाला नक्कीच वाटत नसेल. पण बॅचमधल्या पालकांसमोर तिच्या गुणांचा विषय निघाला की तुमचा चेहरा कसा होतो, ते तिने पाहिलेलं असणार. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर 'तिचं ती बघतेय' एवढंच सांगा. ती शेजारी असेल तर जरा मोठ्याने सांगा.

राहिलं ते तुम्ही बोलून गेलात ते वाक्य. त्याची माफी मागायला हवी, आणि ती लांबवू नये. आज बॅच सुटल्यावर पुस्तक न घेता तिच्या खोलीत जा. पसारा असेल तर तो बघू नका. तिला म्हणा, 'त्या दिवशी मी तुझी इतरांशी तुलना केली, ते माझं चुकलं. तुला बाहेरचं ऐकू येतं म्हणालीस, ते मला आता कळलं. उद्यापासून साडेनऊला गणित नाही. गणिताचं काय करायचं ते तू ठरव आणि मला सांग, मला घाई नाही.' पुढे 'पण तूही जरा...' असं काही जोडू नका. माफीला 'पण' लागला की मुलं फक्त 'पण' ऐकतात.

ती कदाचित रडेल, कदाचित भांडेल. बहुधा 'बरं' म्हणून पांघरूण ओढून घेईल. तसं झालं तर दिवा मालवा, दार थोडं किलकिलं ठेवा आणि बाहेर या.